गोव्याचे ‘विलीनीकरण’: शब्द एक, अर्थ दोन

गोव्याच्या इतिहासात ‘विलीनीकरण’ हा शब्द दोनदा येतो. पन्नासच्या दशकातले सत्याग्रही तो उच्चारत तेव्हा त्यांना भारतात सामील होणे अभिप्रेत असे. १९६३ नंतर त्याच शब्दाचा अर्थ झाला महाराष्ट्रात जाणे. त्यामुळे जुने पत्रक हाती आले की आधी सन पाहावा, मग अर्थ लावावा. पहिल्या विलीनीकरणासाठी तुरुंगात गेलेले अनेक जण दुसऱ्याच्या विरोधात उभे राहिले, आणि त्यात विसंगती काहीच नव्हती.

शब्दांचा घोळ पोर्तुगालनेही घातला होता. १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून ‘वसाहत’ हा शब्द वगळला आणि गोव्याला ‘सागरापलीकडील प्रांत’ ठरवले. वसाहतच नाही, तर सोडायचे काय, असा हा युक्तिवाद. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. शेवटी १८ आणि १९ डिसेंबर १९६१ च्या लष्करी कारवाईने प्रश्न सुटला. पोर्तुगालने मात्र भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते तिथली हुकूमशाही कोसळल्यावर, १९७४ च्या अखेरीस.

सुरुवातीला लष्करी गव्हर्नर होते. मग बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण आणि दीव मिळून केंद्रशासित प्रदेश झाला. डिसेंबर १९६३ मध्ये ३० जागांच्या विधानसभेसाठी पहिली निवडणूक झाली. त्यात गोव्याच्या २८, दमण आणि दीवची प्रत्येकी १. महाराष्ट्रात विलीन होण्याची मागणी करणाऱ्या पक्षाने १४ जागा जिंकून मित्रांच्या साथीने सरकार स्थापन केले. सरकार लोकांनी निवडलेले असले तरी अंदाजपत्रक मांडण्याआधी राष्ट्रपतींची मंजुरी लागे, आणि नायब राज्यपालांशी मतभेद झाला तर शेवटचा शब्द दिल्लीचा.

खरा वाद इथून पुढे पेटला. सत्ताधारी म्हणत, आम्हाला कौल मिळाला आहे, विधानसभेचा ठराव पुरे. विरोधक म्हणत, निवडणुकीत माणूस दहा कारणांनी मत देतो. प्रदेशाचे अस्तित्वच पुसायचे असेल तर तेवढ्यासाठी वेगळे विचारा. घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार सीमा बदलायला संसदेचा कायदा पुरतो, लोकांचे मतदान लागत नाही. म्हणूनच डिसेंबर १९६६ च्या कायद्यात ‘सार्वमत’ नाही, ‘ओपिनियन पोल’ आहे. मराठीत जनमत कौल. मतदान निःपक्ष व्हावे म्हणून मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला.

१६ जानेवारी १९६७. मतपत्रिकेवर दोनच चिन्हे: महाराष्ट्रात विलीन व्हायचे तर फूल, केंद्रशासित राहायचे तर दोन पाने. घटक राज्याचा तिसरा पर्याय नव्हताच, आणि ही या कौलातली सर्वांत मोठी उणीव. दोन पानांना मत देणाऱ्या कितीतरी जणांना दिल्लीचा कारभार नको होता, स्वतःचे राज्य हवे होते. ते सांगायला कागदावर जागाच नव्हती. मुंबईत पोटापाण्यासाठी गेलेल्या हजारो गोवेकरांनाही मत नव्हते.

दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा, आणि अवैध मते सात हजारांहून अधिक. याला केवळ हिंदू-ख्रिस्ती मतांचे गणित म्हणणे चूक आहे. गोव्यात हिंदू बहुसंख्य होते. त्यांच्यातल्या मोठ्या गटाने साथ दिली नसती तर दोन पाने हरलीच असती.

त्यानंतर अवघ्या दोन-अडीच महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरणवादी पक्षच पुन्हा सत्तेवर आला. निवडणूक आणि प्रदेशाचा प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विरोधकांचे म्हणणे मतदारांनीच सिद्ध करून दाखवले.

कागदावर नसलेला तो तिसरा पर्याय यायला वीस वर्षे लागली. फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला: देवनागरी लिपीतली कोंकणी राजभाषा, आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद. ३० मे १९८७ रोजी गोवा पंचविसावे राज्य झाले. विधानसभेच्या जागा ४० झाल्या आणि दमण-दीव वेगळे होऊन केंद्रशासितच राहिले.