गाडीचा बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आला कुठून

परवा गॅरेजमध्ये एक जण इंजिनाचा बेल्ट बदलायला आला होता, मेकॅनिक म्हणाला टेन्शनर पण गेलाय, तर तो म्हणे बेल्टच टाका फक्त, टेन्शनर म्हणजे काय पुली तर आहे, तिला काय होतंय. असं वाटणारे खूप जण आहेत आणि त्यात त्यांची चूक नाही, कारण आपल्याकडच्या जुन्या गाड्यांमध्ये हा पार्ट नव्हताच. तो का आला हे माहीत असलं की तो का बदलायचा हेही आपोआप कळतं, म्हणून हे सगळं लिहितोय.

पट्ट्याने चाक फिरवणं गाडीच्या आधीपासूनचं आहे. गावाकडची पिठाची गिरणी ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको, इंजिनापासून जात्यापर्यंत तो लांबलचक सपाट पट्टा, तो घसरायला लागला की त्यावर राळ चोळायची. कापडाच्या मिलमध्ये शाफ्टवरनं असेच पट्टे खाली मशीनवर यायचे आणि पट्टा ढिला पडू नये म्हणून कुठे कुठे वजन लावलेली एक जादा पुली त्यावर दाबून बसवलेली असायची, तिला जॉकी पुली म्हणतात. आजच्या टेन्शनरचं मूळ खरं तर तिथे आहे. कार्ल बेंझच्या १८८५ च्या तीनचाकीतही इंजिनाची ताकद आधी चामड्याच्या सपाट पट्ट्यावरूनच जायची, पुढे मग चेन, आणि गिअर-क्लच असलं काही नसल्यामुळे तोच पट्टा मोकळ्या पुलीवरून घट्ट पुलीवर सरकवला की गाडी निघायची.

चाकांपर्यंत ताकद न्यायचं काम पुढे गिअर आणि शाफ्टकडे गेलं पण इंजिन थंड ठेवणारा पंखा फिरवायला पट्टा राहिला. सपाट चामडं पाण्याने फुगतं, उन्हाने आकसतं, घसरतं. १९१७ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला जॉन गेट्सने रबर आणि कापडाचा व्ही बेल्ट आणला. याची बाजू तिरकी असते, ओढ पडली की पट्टा खाचेत पाचरीसारखा आत रुततो आणि पकड आपोआप वाढते, त्यामुळे ताण थोडा कमीजास्त झाला तरी तो चालवून घेतो. त्यानंतर कित्येक दशकं जगभरच्या गाड्यांमध्ये हाच बेल्ट होता.

आपली अँबॅसिडर आठवा. एकच व्ही बेल्ट, त्यावर पंखा, वॉटर पंप आणि बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो. ताणायचा कसा, तर डायनॅमोचे बोल्ट ढिले करायचे, एका बाजूने लाकडी दांडा नाहीतर टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून डायनॅमो बाहेर रेटून धरायचा, तसाच धरून पट्टीच्या लांबट भोकातला बोल्ट आवळायचा, मग दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबून बघायचं, साधारण अर्धा इंच दबला की झालं. काकांची अँबॅसिडर होती तेव्हा दांडा धरायचं काम माझ्याकडे असायचं आणि अजून जोर लाव, अजून लाव असं चालायचं. पण जास्त ताणला तर डायनॅमोचं आणि पंपाचं बेअरिंग जायचं, कमी ताणला तर घाट चढताना रेडिएटर उकळायचा, म्हणजे सगळी मदार मेकॅनिकच्या अंगठ्यावर. फोक्सवॅगन बीटलमध्ये तर अजून वेगळं, पुली दोन भागांत आणि मध्ये पातळ चकत्या, चकती काढली की खाच अरुंद होते, बेल्ट वर सरकतो आणि ताठ होतो. मला हे फार आवडतं.

मग गाडीत सोयी वाढत गेल्या. १९५१ मध्ये क्रायस्लरने पॉवर स्टीअरिंग आणलं, एसी वाढले, डायनॅमो जाऊन त्याच कामाचा अल्टरनेटर आला, आणि मोठ्या अमेरिकन गाड्यांमध्ये इंजिनापुढे एकामागे एक तीन तीन चार चार व्ही बेल्ट लागले. प्रत्येकाचा ताण वेगळा, आणि सगळ्यात आतला तुटला तर बाहेरचे सगळे काढल्याशिवाय हात पोचत नाही, शिवाय बेल्ट एकापुढे एक म्हणजे इंजिनाची लांबी पण वाढते.

यावर उत्तर म्हणून सत्तरच्या दशकात एकच लांब, पातळ, रुंद बेल्ट आला, आत उभ्या धारा असलेला, सगळ्या पुलींमधून सापासारखा वळसे घेत जाणारा, म्हणून नाव सर्पंटाइन. १९७९ च्या फोर्ड मस्टँगच्या व्ही ८ इंजिनावर तो आला आणि मग बाकीच्यांनी घेतला. बेल्टवर 6PK1200 असं काही छापलेलं असतं ना, त्यात ६ म्हणजे धारा, पीके हा धारांचा प्रकार आणि १२०० म्हणजे मिलिमीटरमध्ये लांबी.

आणि इथेच टेन्शनर आला. हा बेल्ट पाच सहा पुलींवरून जातो, गरम झाला की लांबी बदलते, झिजला की बदलते, आणि व्ही बेल्टसारखा खोल रुतत नसल्यामुळे ताण जरा उतरला की घसरतो. दर थोड्या दिवसांनी अंगठा लावून हे सांभाळणं शक्य नाही. म्हणून एक दांडी, तिच्या टोकाला पुली आणि बुडाशी घट्ट गुंडाळलेली स्प्रिंग, जी बेल्टला कायम दाबून ठेवते.

पण नुसती स्प्रिंग पुरत नाही, आणि हा भाग लोकांना माहीत नसतो. इंजिन एकसारखं फिरत नाही, प्रत्येक स्फोटाला धक्का देतं. चार सिलेंडरचं इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, ८०० आरपीएमवर असलं तर मिनिटाला १६०० धक्के, म्हणजे सिग्नल आणि ट्रॅफिक धरून तासभर आयडल झालं की जवळपास एक लाख! दुसऱ्या टोकाला अल्टरनेटर, जड आणि इंजिनापेक्षा दुपटीहून जास्त वेगाने फिरणारा, तो काही प्रत्येक धक्क्याबरोबर हळू-जलद होत नाही, त्यामुळे बेल्ट क्षणाक्षणाला ताठ-ढिला होतो. हे थोपवायला टेन्शनरच्या बुडाशी, दांडीच्या सांध्यात, घर्षणाचं बुश म्हणजे एक कडं असतं जे दांडीचं थरथरणं जिरवतं. ते झिजण्यासाठीच आहे. झिजलं की दांडी नाचायला लागते, तिरकी होते, बेल्ट पुलीच्या कडेला सरकतो.

त्यात बेल्टचं रबर बदललं. जुना निओप्रिन रबराचा बेल्ट म्हातारा झाला की भेगा पडायच्या, बघूनच कळायचं. आता ईपीडीएम नावाच्या रबराचे बेल्ट येतात, ते टायरसारखे झिजतात पण भेगा सहसा दिसत नाहीत, टिकतातही जास्त, म्हणजे बेल्ट बदलायची वेळ येते तोपर्यंत टेन्शनरचं बेअरिंग आणि बुशही तेवढेच चाललेले असतात. म्हणून बेल्टबरोबर तोही बदला असं मेकॅनिक म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो बरोबर असतो. खात्री करायची तर इंजिन चालू असताना लांबून बघा दांडी किती हलतेय, मग इंजिन बंद करून बेल्ट उतरवल्यावर पुली हाताने फिरवा, खरखर किंवा डगडग असेल किंवा बुडाशी गंजासारखी लाल भुकटी असेल तर तो गेलाच. बेल्ट काढायच्या आधी फोटो मात्र काढून ठेवा, वळसा चुकला तर वॉटर पंप उलटा फिरू शकतो. नवीन टेन्शनर बऱ्याचदा स्प्रिंग दाबून धरणारी पिन लावून येतो, ती पिन बेल्ट सगळ्या पुलींवर नीट बसल्यावरच ओढायची.

आणि नावाचं म्हणाल तर पंखा कधीचाच इलेक्ट्रिक मोटरवर गेला तरी आपल्या गॅरेजमध्ये या बेल्टला अजून फॅन बेल्टच म्हणतात.