स्वयंसेवी वितरित संगणनासाठी ग्राफिक्स कार्डांची तुलना

घरच्या संगणकाची गणनशक्ती इंटरनेटवरून एखाद्या संशोधन प्रकल्पाला विनामोबदला देणे, याला स्वयंसेवी वितरित संगणन म्हणतात. या कामासाठी कोणते ग्राफिक्स कार्ड सरस, हे गेमिंगच्या चाचण्यांवरून ठरत नाही. गेम खेळताना कार्ड दोन-तीन तास ताणले जाते. इथे ते महिनोन्‌महिने अहोरात्र चालते आणि काही वर्षांत विजेचा खर्च कार्डाच्या किमतीच्या घरात जातो. म्हणून माप एकच धरावे: निवडलेल्या प्रकल्पाचे, तपासणीत बरोबर ठरलेले किती काम एका युनिट विजेत होते.

या चळवळीला घराघरांत नेले ते बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सेटी@होमने (मे १९९९). त्याच गटातून पुढे बॉइंक हे सामायिक सॉफ्टवेअर आले. सेटी@होमने मार्च २०२० अखेर नवे काम पाठवणे थांबवले, पण बॉइंकवर आजही अनेक प्रकल्प चालतात. स्टॅनफर्डमध्ये २००० साली सुरू झालेला फोल्डिंग@होम प्रथिनांच्या घड्या आणि हालचाली अभ्यासतो. त्याने २००६ मध्ये एटीआय या कंपनीच्या (आता एएमडी) कार्डांवर काम चालवून ग्राफिक्स कार्डांना या क्षेत्रात आणले.

आधी प्रकल्प, मग कार्ड

एकच कार्ड एका प्रकल्पात अव्वल आणि दुसऱ्यात निरुपयोगी ठरू शकते. बार्सिलोनाच्या जीपीयूग्रिडचे रेणू-गतिकीचे (रेणूंच्या हालचालींचे) काम कुडावर, म्हणजे फक्त एनव्हीडिया कंपनीच्या कार्डांवर चालणाऱ्या प्रणालीवर, लिहिलेले आहे. तिथे एएमडीचे रेडियॉन कार्ड कितीही ताकदीचे असले तरी त्याला काम मिळत नाही. फोल्डिंग@होम दोन्ही कंपन्यांची कार्डे घेतो, मात्र सप्टेंबर २०२० मध्ये त्यात कुडाची सोय आल्यापासून एनव्हीडियाची कार्डे तिथे स्पष्ट पुढे गेली. आइनस्टाइन@होम २००५ पासून चालू आहे. अमेरिकेतील लायगो वेधशाळेच्या नोंदींत गुरुत्वीय लहरी शोधणे आणि रेडिओ व गॅमा-किरण दुर्बिणींच्या नोंदींत पल्सार (वेगाने फिरणारे मृत तारे) शोधणे हे त्याचे काम, आणि तिथे रेडियॉन कार्डे चांगली चालतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहत आहे, त्यामुळे मराठी स्वयंसेवकाला हा प्रकल्प खास जवळचा वाटावा.

दुसरा फरक आकड्यांच्या अचूकतेचा. बहुतेक प्रकल्प ३२-बिटी, म्हणजे एकेरी अचूकतेवर भागवतात. काहींना ६४-बिटी दुहेरी अचूकता लागते, आणि घरगुती कार्डांत ती मुद्दाम कमी ठेवलेली असते. एनव्हीडियाच्या जीफोर्स कार्डांच्या अँपिअर (आरटीएक्स ३००० मालिका) आणि एडा (४००० मालिका) पिढ्यांत दुहेरी अचूकतेचा वेग एकेरीच्या चौसष्टाव्या हिश्श्याइतका आहे, तर रेडियॉनच्या आरएक्स ६००० मालिकेत सोळाव्या हिश्श्याइतका. २०१९ च्या रेडियॉन सेव्हनमध्ये मात्र हे प्रमाण एक चतुर्थांश होते. आकाशगंगेचा अभ्यास करणाऱ्या मिल्कीवे@होमच्या दुहेरी अचूकतेच्या कामात हे जुने कार्ड नंतरच्या कितीतरी महागड्या कार्डांना मागे टाकत असे. ते काम २०२३ मध्ये संपले आणि केवळ त्यासाठी जपून ठेवलेल्या कार्डांचे एवढे मोठे वैशिष्ट्य पडून राहिले. एकाच प्रकल्पाच्या एकाच कामासाठी कार्ड घेण्यातला धोका यातून दिसतो.

तिसरी बाब मेमरीची. बऱ्याच कामांना तिची क्षमता फारशी लागत नाही, पण तिचा वेग लागतो. आरटीएक्स ३०६० ची मेमरी सेकंदाला ३६० गिगाबाइट हलवते, तर नंतरच्या ४०६० ची २७२. मेमरीवर अडणाऱ्या कामात नव्या कार्डाची आघाडी म्हणूनच अपेक्षेपेक्षा कमी भरते.

गुण आणि प्रत्यक्ष काम

केलेल्या कामाबद्दल प्रकल्प स्वयंसेवकाला गुण देतात. तुलनेत सर्वात जास्त चुका या गुणांमुळे होतात. बॉइंकचे ‘क्रेडिट’ आणि फोल्डिंग@होमचे ‘पॉइंट’ ही वेगवेगळी नाणी आहेत, त्यांची एकमेकांशी अदलाबदल होत नाही. बॉइंकमध्येही प्रत्येक प्रकल्पाची देण्याची रीत वेगळी, त्यामुळे दोन प्रकल्पांतल्या क्रेडिटवरून दोन कार्डांची तुलना करू नये. आइनस्टाइन@होममध्ये एका प्रकारच्या प्रत्येक कामाला ठरलेले क्रेडिट असते. तिथे दिवसाचे क्रेडिट हे कामाचे सरळ माप आहे.

फोल्डिंग@होममध्ये काम लवकर परत केल्याचा बोनस असतो. तो मिळण्यासाठी पासकी (आपली ओळख पटवणारा खास संकेत) घ्यावी लागते, किमान १० कामे पूर्ण करावी लागतात आणि यशाचे प्रमाण ८० टक्क्यांवर राखावे लागते. बोनस कामाला लागलेल्या वेळेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. समजा, एक कार्ड एक काम चार तासांत करते आणि दुसरे तेच दोन तासांत. दुसऱ्याला प्रत्येक कामाचे १.४१ पट पॉइंट मिळतात आणि दिवसाला कामेही दुप्पट होतात, म्हणजे पॉइंट २.८३ पट. काम मात्र दुप्पटच झालेले असते. हाच हिशेब पुढे नेला तर आठपट पॉइंट मिळवणारे कार्ड प्रत्यक्षात चौपट वेगवान असते. प्रकल्पाला उत्तर लवकर हवे असते, कारण एका कामाच्या शेवटावरून पुढचे काम तयार होते. त्यामुळे बोनस रास्तच आहे, पण विजेचा हिशेब करताना पॉइंट नव्हे तर एक टक्का काम पुरे व्हायला लागणारा वेळ धरावा. हा वेळ फोल्डिंग@होमच्या सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत (लॉगमध्ये) दिसतो. तुलना एकाच प्रकल्प क्रमांकाच्या कामांत करावी. थोड्या अणूंचे लहान प्रथिन आरटीएक्स ४०९० सारख्या कार्डाला पुरत नाही, त्याचे बरेच गाभे (कोअर) रिकामे राहतात. तेच कार्ड लाखो अणूंच्या कामात खुलते.

वॅट आणि बिल

कंपनीने दिलेल्या आकड्यांवरून पहिला अंदाज बांधता येतो. आरटीएक्स ३०६० ची वीजमर्यादा १७० वॅट आणि एकेरी अचूकतेचा वेग सुमारे १२.७ टेराफ्लॉप्स (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणिती क्रिया). ४०६० चे ११५ वॅट आणि १५.१, ४०७० चे २०० वॅट आणि २९.१, ४०९० चे ४५० वॅट आणि ८२.६. वॅटमागे वेग काढला तर मोठे कार्ड काटकसरी ठरते, आणि ही गोष्ट अनेकांना खरी वाटत नाही. आरएक्स ७९०० एक्सटीएक्सचा ३५५ वॅटला सुमारे ६१ टेराफ्लॉप्स हा आकडा मात्र तसाच उचलू नये. तो एका वेळी दोन आज्ञा चालवण्याच्या सोयीवर बेतलेला आहे आणि प्रत्यक्ष कामात ती सोय क्वचितच पूर्ण वापरली जाते.

२०० वॅटचे कार्ड दिवसरात्र चालले तर दिवसाला ४.८ आणि ३० दिवसांना १४४ युनिट होतात. ३०६० आणि ४०६० यांच्यातला ५५ वॅटचा फरक महिन्याला जवळपास ४० युनिटांचा. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतात, म्हणून कार्डाची युनिटे नेहमी घरच्या वापराच्या वरच धरावीत. २५० युनिट वापरणाऱ्या घरात १४४ ची भर पडली की त्यातली ९४ युनिटे ३०० च्या वरच्या, महागड्या दराने लागतात. बिलाचा सरासरी दर घेऊन केलेला हिशेब इथे चुकतो. शिवाय कार्डाने खाल्लेला प्रत्येक वॅट उष्णता होऊन खोलीत उतरतो. एप्रिल-मेमध्ये त्या खोलीत एसी चालत असेल तर ती उष्णता बाहेर काढण्याचे बिलही याच खात्यात धरावे. बरेच जण उन्हाळ्यात फक्त रात्री चालवतात, ते शहाणपणाचे आहे.

वीजमर्यादा उतरवणे हा सर्वात फायद्याचा बदल आहे. चिपला शेवटचे थोडे मेगाहर्ट्‌झ गाठायला व्होल्टेज चढवावे लागते आणि विजेचा वापर व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. म्हणून मर्यादा ७० टक्क्यांवर आणली तरी वेग साधारण १० टक्क्यांच्या आसपासच घटतो, काही कामांत त्याहूनही कमी. एनव्हीडियावर ही मर्यादा ड्रायव्हरसोबत येणाऱ्या एसएमआय साधनातून घालता येते. संगणक बंद करून चालू केला की ती निघून जाते, त्यामुळे सुरुवातीलाच चालणाऱ्या आज्ञांत ती टाकून ठेवावी.

मोजणी

भिंतीच्या सॉकेटमध्ये वॅटमीटर लावून त्यावर संगणक जोडावा. कार्ड रिकामे असतानाचा आकडा लिहावा, मग काम सुरू करून तापमान स्थिरावेपर्यंत अर्धा तास थांबावे आणि पुन्हा वाचावे. सॉफ्टवेअर दाखवते ते फक्त कार्डाचे वॅट, त्यात वीजपुरवठा संचातली गळती नसते. पुढे किमान दोन दिवस एकाच प्रकारची कामे चालू ठेवून पूर्ण झालेली कामे मोजावीत. मर्यादा १००, ८५, ७० टक्के अशी उतरवत हेच पुन्हा करावे. प्रोसेसरचा एक गाभा कार्डासाठी मोकळा सोडलेला हवा. ओपनसीएल ही कुडासारखीच, पण सर्व कंपन्यांच्या कार्डांवर चालणारी प्रणाली. एनव्हीडियाच्या कार्डावर ओपनसीएल कामाला पूर्ण एक गाभा वाट पाहण्यातच लागतो, तो न मिळाल्यास कार्ड उपाशी राहते आणि दोष मात्र कार्डाला दिला जातो. आइनस्टाइन@होमच्या गुरुत्वीय लहरींच्या कामात शेवटचा टप्पा प्रोसेसरवर चालतो आणि तेवढा वेळ कार्ड बसून असते. एका वेळी दोन कामे लावली की ही पोकळी भरते, पण मेमरीही दुप्पट लागते.

काय बिघडते

कार्डाला अजिबात काम मिळत नसेल तर बहुधा ड्रायव्हर कारणीभूत असतो. विंडोजने आपणहून बसवलेल्या ड्रायव्हरमध्ये ओपनसीएलचा भाग कधीकधी नसतो, कंपनीच्या संकेतस्थळावरून पूर्ण ड्रायव्हर घेऊन बसवावा. विंडोजवर बॉइंक ‘सर्व्हिस’ (पडद्याआड चालणारा प्रोग्राम) म्हणून बसवले तर त्याला कार्ड दिसतच नाही. एकाच कंपनीची दोन असमान कार्डे असतील तर बॉइंक फक्त सरस कार्ड वापरते. सगळी वापरण्याची सूचना त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहावी लागते.

काम मिळते पण ‘अवैध’ ठरते, हा बिघाड लवकर लक्षात येत नाही. आइनस्टाइन@होम एकच काम दोन संगणकांना देऊन उत्तरे ताडून पाहतो. गेममध्ये एखादा ठिपका चुकीचा रंगला तर कोणाला कळतही नाही, पण इथे एक चुकलेला बिट तासाभराचे काम वाया घालवतो. कारखान्यातूनच वेग वाढवून आलेली कार्डेही अशी चुकतात. मेमरीचा वेग ५०-१०० मेगाहर्ट्‌झने उतरवून पाहावा. चिपचे तापमान ठीक दिसत असतानाही मेमरी तापलेली असू शकते. एनव्हीडियाच्या काही महागड्या कार्डांतली जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंश सेल्सिअसला स्वतःचा वेग कापते. आरटीएक्स ३०९० मध्ये निम्म्या मेमरी चिप पाठीमागे आहेत, त्यांच्यापर्यंत पंख्याचा वारा नीट पोचत नाही.

क्रिप्टो-नाणी खोदण्यात (मायनिंगमध्ये) वापरलेले जुने कार्ड स्वस्तात मिळते आणि ते सरसकट टाळण्याचे कारण नाही. आधी पंखा हाताने फिरवून पाहावा. तो खरखरत असेल किंवा हलवल्यावर डुगडुगत असेल तर बेअरिंग गेले आहे. चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली असते असे धरूनच चालावे आणि ती बदलावी. कार्डाच्या बायोसमध्ये (त्यातल्या मूळ प्रोग्राममध्ये) मेमरीच्या वेळा बदललेल्या असतील तर मूळ बायोस परत घालावा, नाहीतर अवैध कामांचे मूळ सापडत नाही. त्यानंतर एक आठवडा कार्ड मूळ वेगावर चालवून एकही काम अवैध ठरले नाही, तरच त्याची वीजमर्यादा उतरवण्याच्या प्रयोगाला हात घालावा.