नैराश्यावरील गोळ्या आणि हृदयाची विद्युत लय

हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या लाटेने सुरू होतो. पेशींत सोडियम शिरले की ती लाट पुढे सरकते आणि पोटॅशियम बाहेर पडल्यावर पेशी पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होतात. नैराश्यावरील काही औषधे पोटॅशियमची ही वाट अंशतः अडवतात. मग सज्ज होण्यास वेळ लागतो आणि ईसीजीवरील क्यूटी हे अंतर, म्हणजे लाट सुरू झाल्यापासून पेशी पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळ, लांबते. हृदयगतीनुसार दुरुस्त केलेले हे अंतर ५०० मिलिसेकंदांपुढे गेले, की लय एकाएकी बिघडून रुग्ण बेशुद्ध पडण्याचा, क्वचित दगावण्याचाही धोका वाढतो.

सगळ्या गोळ्या मात्र सारख्या नाहीत. सर्ट्रालिनचा परिणाम अल्प असतो. सिटॅलोप्रॅमबाबत अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०११ साली दिवसाला ४० मिलिग्रॅमची आणि पुढच्याच वर्षी साठीपुढील रुग्णांसाठी २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. जुन्या पिढीतील अमिट्रिप्टिलिन सोडियमची वाटही अडवते. नसांच्या दुखण्यावर ते रात्री अगदी कमी मात्रेत देतात, म्हणून घरात ते किरकोळ औषध समजले जाते. पण एकाच वेळी बऱ्याच गोळ्या पोटात गेल्यास ते जिवावर बेतते, तेव्हा ते मुलांच्या हाती लागणार नाही असेच ठेवावे.

माझ्या मते खरी काळजी एकट्या गोळीची नसून तिच्या सोबतीची आहे. लातूर, बीड, परभणीकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, टँकरच्या पाण्यावर दिवस काढताना जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात आणि त्यातून शरीरातील पोटॅशियम व मॅग्नेशियम घटते. अशा वेळी नैराश्यासाठी एस्सिटॅलोप्रॅम घेणाऱ्या, शिवाय रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या वृद्धेला उलटीसाठी ऑन्डॅनसेट्रॉन आणि जंतुसंसर्गासाठी अझिथ्रोमायसिन मिळाले, तर क्यूटी लांबवणारी तीन औषधे आणि घटलेले पोटॅशियम एकत्र येतात. त्यात पित्तासाठी सर्रास घेतली जाणारी ओमेप्राझोल एस्सिटॅलोप्रॅमचे रक्तातील प्रमाण वाढवते, हे तर अनेकांच्या गावीही नसते.

हे वाचून कोणी गोळी परस्पर बंद करू नये. ती एकदम सोडल्यास चक्कर, बेचैनी येते आणि नैराश्य उलटू शकते, शिवाय उपचाराविना राहिलेले नैराश्य हृदयालाही अपायकारकच असते. तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेल्यावर चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे त्यांच्यासमोर ठेवावीत. वय साठीपुढे असेल, आधीपासून हृदयविकार असेल किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर तसे सांगून ईसीजीबद्दल विचारावे.