तिबेटी पताका खरंच देवाला निरोप पोचवतात का?

मदतनिधीसाठी हिमालयात चढाई करणारे अनेकजण पताका सोबत नेतात. समज असा, की उंचावर बांधली की आपली मागणी वाऱ्याबरोबर देवापर्यंत जाते आणि रंग विटला तर अपशकुन.

तिबेटी बौद्ध परंपरेतला भाव वेगळा आहे. छापलेल्या मंत्रांतली सदिच्छा वारा सगळ्या प्राणिमात्रांकडे नेतो. म्हणून रंग विटणं शुभच मानतात. पताका हातात घेऊन पाहा: बहुतेकींवर मधोमध पाठीवर रत्न घेतलेला घोडा दिसेल. तो ‘लुंगता’, वाऱ्याचा घोडा. निळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा हा रंगक्रम म्हणजे आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. आपली पंचमहाभूतंच की!

नेताना कृपया सुती घ्या. पॉलिएस्टरचे धागे डोंगरावर वर्षानुवर्षं कुजत नाहीत.