विलापस्तोत्रे

बायबलच्या जुन्या करारातील स्तोत्रसंहितेत संकटात सापडलेल्या माणसाने किंवा समाजाने देवापुढे मांडलेले गाऱ्हाणे ज्या स्तोत्रांत येते, ती विलापस्तोत्रे. एकूण १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे या प्रकारात मोडतात. आजारपण, खोटे आरोप, जवळच्या मित्राने केलेला दगा, युद्धातला पराभव आणि या सगळ्यांहून जड असे देवाचे मौन, हे त्यांचे विषय. कठीण काळात देवावर भाव ठेवायचा म्हणजे मुकाट्याने सोसायचे, अशी समजूत ख्रिस्ती घरांतही आढळते. ही स्तोत्रे तिला आधार देत नाहीत. विलाप करणाऱ्याची तक्रार देवाविषयीच असते आणि ती तो देवाकडेच घेऊन जातो. त्याचा भरवसा दिसतो तो इथेच.

इस्राएलाचा राजा दाविद याच्या नावावर असलेले स्तोत्र १३ हा या प्रकारचा आटोपशीर नमुना आहे. त्यात अवघी सहा वचने आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो: देव कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, जिवाची ही घालमेल कोठवर, शत्रूची सरशी कोठवर. पुढच्या दोन वचनांत विनवणी आहे: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, नाहीतर मी मरेन. आणि पाचव्या वचनात एकदम सूर पालटतो; आपण देवाच्या दयेवर भरवसा ठेवला आहे, असे तोच माणूस म्हणतो आणि सहाव्यात गाण्याची भाषा करतो. चौथ्या आणि पाचव्या वचनांच्या मध्ये संकट टळल्याचे कुठेही सांगितलेले नाही.

हा पालट कसा होतो, यावर अभ्यासकांनी बराच खल केला आहे. स्तोत्रांचे प्रकार पाडून त्यांची घडण दाखवणारे जर्मन पंडित हेर्मान गुंकेल (१८६२–१९३२) यांच्यानंतर योआखिम बेग्रिख यांनी १९३४ मध्ये असे मांडले की, गाऱ्हाणे ऐकल्यावर मंदिरातील याजक (पुरोहित) देवाच्या वतीने अभयवचन देत असावा आणि पुढची ओळ त्याला दिलेले उत्तर असावी. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील हन्नेची गोष्ट या मताला जवळची आहे. मूल नाही म्हणून शिलो येथे ती रडत प्रार्थना करते, एली याजकाला ती आधी प्यालेली वाटते, मग तो तिला शांतीने जा म्हणतो. ती उठते, जेवते, तिचा चेहरा बदलतो. मूल तर अजून व्हायचेच असते. मात्र प्रत्येक स्तोत्राच्या मागे असा याजक उभा होता, याला पुरावा नाही.

शिवाय प्रत्येक स्तोत्रात हा पालट होतही नाही. स्तोत्र ८८ अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. आप्तमित्र दुरावले, देवाने तोंड फिरवले, एवढ्यावर ते थांबते. तरीही ते संहितेत ठेवले गेले, ही मोलाची गोष्ट आहे. त्यात आशेचा धागा एकच: सुरुवातीलाच देवाला तारणारा म्हणून मारलेली हाक.

देवापुढे तक्रार मांडणे हे पाप नव्हे, हे जुन्या करारातील ईयोबाच्या पुस्तकातही दिसते. निरपराध असूनही संकटांत सापडलेल्या ईयोबाची ती गोष्ट आहे. त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसतात, तोवर ठीक असते. बोलू लागल्यावर ते त्याच्या दुःखाला त्याचेच पाप कारण ठरवतात. शेवटी देवाचा कोप होतो तो या मित्रांवर, तंडणाऱ्या ईयोबावर नाही. आजाऱ्याला ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असे ऐकवणाऱ्यांनी हा भाग पुन्हा वाचावा.

नव्या करारात विलाप मागे पडत नाही. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलेली, देवाने आपल्याला का सोडले ही आरोळी म्हणजे स्तोत्र २२ ची पहिली ओळ होय. ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला काहीही वेगळे करू शकत नाही, असे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिताना प्रेषित पौल मध्येच स्तोत्र ४४ मधले वचन घेतो: आम्ही कापायच्या मेंढरांसारखे गणलेले आहोत. ते समाजाच्या विलापाचे स्तोत्र आहे, आणि देवा, झोपलास का, असे त्यात पुढे विचारलेले आहे. पौलाची खात्री या प्रश्नाला वगळून आलेली नाही.

उपासनेत ही स्तोत्रे नेमून दिलेली असतात. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाच्या १६६२ च्या आवृत्तीत उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) सकाळी स्तोत्र २२ आणि संध्याकाळी ८८ आहे. रोमन कॅथलिक नित्यप्रार्थनेत ८८ दर शुक्रवारी रात्री येते. मन प्रसन्न असो वा नसो, मंडळी ते म्हणते, आणि ज्याला त्या दिवशी स्वतःचे शब्द सुचत नाहीत त्याला ते मिळतात.

मराठीत या स्तोत्रांशी फार जवळून झुंजलेली व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. पुढे १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती. १८९६–९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून वाचवलेल्या शेकडो मुलीबायकांना त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात आसरा दिला. हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल आणण्याचे काम त्या अखेरपर्यंत करत राहिल्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, तरी ते थांबले नाही. केडगावच्या छापखान्यात या भाषांतराचे खिळे मुक्ती सदनातल्या बायकांनीच जुळवले.