इलेक्ट्रॉनच्या वाऱ्यावर फिरणाऱ्या मोटरी

विजेच्या मोटरचा इतिहास फॅरेडेंपासून सांगायचा प्रघात आहे. १८२१ मध्ये त्यांनी पाऱ्यात टोक बुडवलेली तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली आणि तिथून आजच्या कारखान्यातल्या मोटरपर्यंत सरळ रेघ ओढता येते. ती रेघ नॅनोमीटरपर्यंत मात्र पोहोचत नाही. प्रवाहाची घनता तीच ठेवून मोटर सगळ्या बाजूंनी दहापट लहान केली, तर वस्तुमान हजारपटींनी कमी होतं, पण तारांमधलं चुंबकीय बल दहा हजारपटींनी घटतं. लहान होता होता चुंबक निकामी ठरतो. अणू-रेणूंएवढ्या मोटरीला दुसरा रेटा लागतो, आणि तो थेट वाहत्या इलेक्ट्रॉनांकडून मिळेल का, हा आपला विषय.

भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९५९ च्या गाजलेल्या व्याख्यानात इंचाच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या मोटरसाठी हजार डॉलर जाहीर केले. पुढच्याच वर्षी विल्यम मॅक्लेलन यांनी ती हाताने, जुन्याच तंत्राने घडवून बक्षीस नेलं. नव्या तंत्राची फाइनमन यांची अपेक्षा तशीच राहिली. हा किस्सा सगळीकडे सांगितला जातो, पण आपल्या विषयाशी त्याचा संबंध बेताचाच.

खरी सुरुवात एका डोकेदुखीतून झाली. १९६० च्या दशकात चिपमधल्या ॲल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या काही काळ चालून अचानक तुटू लागल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पट्टीत एका जागी पोकळी पडलेली आणि दुसरीकडे धातूचा उंचवटा आलेला. अणू जागचे हलले होते, तेही इलेक्ट्रॉन ज्या दिशेने वाहतात त्याच दिशेने. सोव्हिएत संघात फिक्स यांनी १९५९ मध्ये आणि अमेरिकेत हंटिंग्टन व ग्रोन यांनी १९६१ मध्ये याचं गणित मांडलं होतं. अणूवर आदळून विखुरणारा इलेक्ट्रॉन आपला थोडा संवेग त्याला देऊन जातो. एका धडकेने काही होत नाही, पण चौरस सेंटीमीटरला लाखो अँपिअर वाहत असतील तर या धडकांचा वारा होतो. ‘इलेक्ट्रॉन वारा’ हे नाव तेव्हापासून रुळलं. पट्टी किती काळ टिकेल याचं समीकरण मोटोरोलाच्या जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये दिलं. चिप बनवणाऱ्यांना एवढं पुरेसं होतं. हा वारा कामाला लावावा, असं त्यांच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं.

कामाला लावायचं तर आधी एक मूलभूत प्रश्न सुटायला हवा होता. स्प्रिंगच्या किंवा गुरुत्वाच्या बलाखाली एखादी वस्तू फिरून मूळ जागी आली, तर एकूण मिळालेली ऊर्जा शून्य. अशा बलावर मोटर चालूच शकत नाही. प्रवाहामुळे अणूवर येणारं बलही याच जातीचं आहे का? २००९ मध्ये बेलफास्टच्या डंडास, मॅकएनिरी आणि तोदोरोव यांनी गणनेतून दाखवलं की नाही. प्रवाह वाहणाऱ्या तारेतला अणू बंद वाटेने फिरला, तर दर फेरीला त्याच्या पदरात थोडी ऊर्जा पडू शकते. त्यांनी याला अणूची पाणचक्की म्हटलं. ही बातमी दुधारी आहे. जे बल चाक फिरवेल तेच कंपनं वाढवत नेऊन रेणूचा जोड तोडूही शकेल, आणि पुढच्याच वर्षी ल्यू, ब्रँडबिगा आणि हेडेगॉर यांनी नेमका त्या धोक्याचा सिद्धांत मांडला.

दुसरा धागा अगदी वेगळ्या ठिकाणाहून आला, आणि मला तो जास्त देखणा वाटतो. १९८३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड थाउलेस यांनी एक पंप कल्पिला. विद्युत विभवाच्या लाटा हळूहळू सरकवल्या की दर आवर्तनाला ठरावीक पूर्ण संख्येएवढेच इलेक्ट्रॉन पुढे जातात, ना कमी ना जास्त. आता हे उलटं करा. बॅटरी लावून इलेक्ट्रॉन ढकला, म्हणजे लाटांची ती रचनाच सरकू लागेल. बुस्टोस-मारून, रेफाएल आणि फॉन ओपेन यांनी २०१३ मध्ये याला क्वांटम मोटरचं रूप दिलं. ‘क्वांटम’ हे विशेषण इथे शोभेचं नाही. त्या रचनेतून इलेक्ट्रॉनची लाट स्वतःशीच व्यतिकरण पावून (म्हणजे तिचेच भाग एकमेकांत मिसळून) परत फिरते आणि त्या परतण्यातूनच रेटा मिळतो. हिशोबही सुटसुटीत आहे: दर फेरीचं काम म्हणजे सरकलेला प्रभार गुणिले व्होल्टेज. फेरीला एक इलेक्ट्रॉन आणि ०.१ व्होल्ट धरले तर ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक). खोलीच्या तापमानाला उष्णतेची धडपड साधारण ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्टची असते. फरक फक्त चौपट, म्हणजे ही मोटर सतत डळमळतच चालणार.

प्रयोगांनी मात्र सिद्धांताची वाट धरली नाही. बार्सिलोनातल्या गटाने २००८ मध्ये कार्बन नॅनोट्यूबवर, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळीवर, सोन्याचा तुकडा प्रवाहाच्या जोरावर सरकवला. वाऱ्याचंच काम वाटावं असं दृश्य. पण प्रवाह उलटा केला तरी तुकड्याची दिशा बदलली नाही! ढकलत होता तो नळीतला तापमानाचा उतार. २०११ मध्ये टफ्ट्स विद्यापीठात चार्ल्स साइक्स यांच्या गटाने तांब्यावर बसलेला एकच रेणू ५ केल्विनला (सुमारे उणे २६८ अंश सेल्सिअसला) विजेने फिरवला. गंधकाचा अणू हा त्याचा आस. सुईच्या टोकाने पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या त्या सुईतून आलेला इलेक्ट्रॉन रेणूतला एक बंध थरथरवतो आणि रेणू पुढच्या खाचेत उडी मारतो. दोन्ही दिशांच्या उड्यांत एका दिशेचं पारडं जेमतेम ५ टक्क्यांनी जड.

२०२० मध्ये स्वित्झर्लंडच्या एम्पा आणि लोझानच्या ईपीएफएल या संस्थांतल्या संशोधकांनी अवघ्या सोळा अणूंची मोटर दाखवली. त्यातले चार अणू फिरणाऱ्या ॲसिटिलीनचे, बाकीचे खालच्या पॅलेडियम-गॅलियमच्या पृष्ठभागाचे. साधारण १७ केल्विनखाली तिचा फिरता भाग ऊर्जेचा उंबरठा ओलांडत नाही, तर टनेलिंगने, म्हणजे पुरेशी ऊर्जा नसतानाही क्वांटम नियमांच्या आधारे, त्याच्या आरपार जातो. घर्षण नसलेलं टनेलिंग दोन्ही दिशांना सारखंच घडायला हवं. ही मोटर मात्र जवळजवळ नेहमी एकाच दिशेला फिरते. म्हणजे टनेलिंग चालू असतानाही ऊर्जा कुठेतरी गळत असली पाहिजे.