बिअरच्या पावाला जाळी कोण पाडते?

यीस्ट भिजवणे, कणीक तिंबणे आणि ती दुप्पट होईपर्यंत वाट पाहणे, या साऱ्याला बिअरचा पाव फाटा देतो. तीन कप मैदा, चार छोटे चमचे बेकिंग पावडर, मीठ, थोडी साखर आणि 330 मिलिलिटर बिअर एकत्र करून साच्यात ओतायचे आणि 180 अंश सेल्सिअसवर पाऊण तास भाजायचे, एवढीच कृती.

बिअरमुळे मैदा आंबतो, हा समज मात्र खरा नाही. बाजारातली बहुतेक बिअर गाळलेली किंवा पाश्चरीकरण केलेली असल्याने तिच्यात जिवंत यीस्ट जवळजवळ उरलेले नसते, आणि उरले तरी मिश्रण लगेच ओव्हनमध्ये जात असल्याने त्याला आंबवायला सवडच मिळत नाही. जाळी पाडतो तो कार्बन डायऑक्साइड. बिअरमध्ये तो लिटरमागे साधारण 5 ग्रॅम विरघळलेला असतो. पण ओतताना आणि ढवळतानाच त्यातला बराचसा निसटतो. त्यामुळे खरा भार पडतो बेकिंग पावडरीवर. तिच्यातला सोडा आणि कोरडे आम्ल ओलावा मिळताच वायू सोडू लागतात, आणि उष्णता लागली की त्याला आणखी जोर चढतो. म्हणूनच पळी पंधरा-वीस वेळा फिरवून थांबावे, बारीक गाठी राहिल्या तरी राहू द्याव्यात. जास्त घोटल्यास वायू जातो आणि ग्लूटेन ताणले जाऊन पाव चिवट होतो.

अल्कोहोल 78 अंशांवर उकळत असले, तरी भाजताना ते पूर्णपणे उडून जात नाही. ज्यांना ते वर्ज्य आहे, त्यांनी सोडा वॉटर वापरावे. माल्टची खमंग चव तेवढी मिळणार नाही.

वाईत हमखास जमणारा हा पाव महाबळेश्वरला केला, तेव्हा तो आधी टम्म फुगला आणि मग मधोमध बसला. सुमारे 1,370 मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत जवळपास 15 टक्के कमी असतो; तेवढ्याच वायूचे बुडबुडे अधिक मोठे होतात आणि त्यांच्या भिंती भाजून घट्ट होण्याआधीच फुटतात. पुढच्या खेपेला मी चारऐवजी तीनच चमचे बेकिंग पावडर घातली आणि ओव्हन दहा अंशांनी वाढवला. पाव थोडा कमी चढला, पण माथ्यावर लांब भेग पडून सोनेरी झाला आणि कापल्यावर आतली जाळी अगदी एकसारखी निघाली.